सहाशे साच्यांची सबब आता चालायची नाही

गोव्यात कुठलाही छापील कागद हातात घ्या, ग्रामसभेची नोटीस, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, देवळाच्या जत्रोत्सवाचा कार्यक्रम, काहीही, आणि त्यावर इंग्रजी आणि देवनागरी असं दोन्ही असेल तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. इंग्रजी मजकूर बरा दिसतो. फार सुंदर नसेल पण बरा, कारण तो बहुतेक वेळा टाइम्स न्यू रोमनमध्ये नाहीतर तसल्याच कुठल्या जुन्या सेरिफ टाइपात असतो आणि त्या अक्षरामागे चार-पाचशे वर्षांचं काम उभं आहे. त्याच्याच खाली मराठी किंवा कोंकणी मजकूर मात्र कसातरी कोंबलेला, ओळी एकमेकींवर चढलेल्या, मथळा आडवा ताणून जाड केलेला, जोडाक्षरं पाय मोडून ठेवलेली. आणि हे बघून कुणालाच काही वाटत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं आहे की जो मजकूर माणसाने बसून, सलग, समजून घेत वाचायचा आहे, तो अभिजात सेरिफ टाइपातच छापायला हवा, आणि गोव्यात त्याच्या शेजारी तेवढ्याच तोलाची देवनागरी असायला हवी. हा फॅशनचा प्रश्न नाही, सार्वजनिक प्रश्न आहे, कारण पाठ्यपुस्तकं, राजपत्र, जमिनीचे उतारे, कोर्टाचे कागद हे सगळं आपल्याच पैशाने छापलं जातं आणि आपल्यालाच वाचायचं असतं.

सेरिफ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणारे, सोडले तर हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. रोमन अक्षराच्या दांड्यांना वर-खाली जी छोटी टोकं असतात, पाय फुटल्यासारखी, ती सेरिफ. ती टोकं दगडावरच्या कोरीव अक्षरांतून आली, रोममध्ये ट्राजन सम्राटाचा स्तंभ आहे, इ.स. ११३ चा, त्याच्या पायथ्याचा शिलालेख आजही अक्षरकार लोक देवासारखा मानतात. एवढं लांब जायची गरज नाही म्हणा, ओल्ड गोव्याला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमिनीवर जुन्या थडग्यांचे दगड बसवलेत, त्यावरची मोठी रोमन अक्षरं वाकून बघा, छिन्नीने रेघ सुरू कुठे केली आणि संपवली कुठे ते कळतं. मग हे कोरीव मोठं अक्षर आणि लेखणीने लिहिलेलं छोटं अक्षर इटलीत पंधराव्या शतकात एकत्र आणलं गेलं आणि छापखान्यात गेलं, आणि पुढे पॅरिसच्या क्लोद गारामोंने सोळाव्या शतकात त्याला जे रूप दिलं ते इतकं पक्कं ठरलं की त्याच्या नावाचा टाइप आजही कॉम्प्युटरवर मिळतो.

गारामों पद्धतीच्या टाइपाचा स्वभाव शांत. जाड आणि बारीक रेघेतला फरक आहे पण तो ओरडत नाही, गोल अक्षर किंचित तिरकं झुकलेलं असतं कारण लेखणी तशीच धरली जायची, आणि पानभर मजकूर लावला की पान एकसारख्या करड्या रंगाचं दिसतं, कुठे काळे डाग नाहीत, कुठे भोकं नाहीत. पुस्तक वाचताना अक्षर दिसेनासं व्हावं आणि मजकूर तेवढा उरावा असं ज्याला वाटतं त्याने हा वापरावा. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने जाड-बारीक फरक वाढवला, अक्षर सरळ उभं केलं, शाई जास्त काळी केली, कागद गुळगुळीत केला. त्याचा टाइप जास्त रुबाबदार आहे, काव्यसंग्रहाला, मानपत्राला, लग्नपत्रिकेला तो फार शोभतो.

बास्करव्हिलचा एक किस्सा मला इथे सांगावासाच वाटतो. त्याच्या टाइपावर तेव्हा लोकांनी टीका केली की ह्या बारीक रेघांनी वाचणाऱ्यांचे डोळे जातील. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता, त्याने अशा एका टीकाकाराला विल्यम कॅस्लनच्या टाइपाचा नमुना दाखवला, वरचं नाव फाडून टाकून, आणि सांगितलं की हा बास्करव्हिलचा आहे, जरा दोष दाखवा. त्या गृहस्थाने एकेक दोष मोजून दाखवला, डोळे कसे दुखतात तेही सांगितलं, आणि तो टाइप होता कॅस्लनचा, म्हणजे जो तो जन्मभर आनंदाने वाचत आला होता. फ्रँकलिनने हे १७६० मध्ये बास्करव्हिललाच पत्रातून कळवलं. टाइपाबद्दल आपण जे ठामपणे बोलतो त्यात सवय किती आणि डोळा किती हे तपासायला पाहिजे, आणि हे मी सेरिफच्या बाजूने बोलतोय म्हणून मलाही लागू आहे.

म्हणूनच एक दावा मी करणार नाही, जो सेरिफचे चाहते नेहमी करतात, की सेरिफ अक्षर डोळ्यांना सोपं असतं हे विज्ञानाने सिद्ध झालंय. तसं झालेलं नाही. ह्यावर गेल्या शंभर वर्षांत भरपूर प्रयोग झाले आणि सेरिफ आणि बिनसेरिफ म्हणजे सॅन्स ह्यांच्यात वाचनाच्या वेगाचा ठाम फरक काही हाती लागला नाही. अक्षराचा आकार, ओळीची लांबी, दोन ओळींतलं अंतर ह्या गोष्टींनी जास्त फरक पडतो.

मग सेरिफच का? एक तर अक्षर ओळखण्यासाठी. एरियलसारख्या सॅन्स टाइपात मोठा आय आणि छोटा एल जवळपास एकच दिसतात, निव्वळ उभी काठी, आणि काही टाइपांत एकचा आकडाही तसाच. ज्या राज्यात जमिनीचा उतारा फॉर्म एक आणि चौदा म्हणून ओळखला जातो आणि त्यातला एक रोमन आयने लिहितात, जिथे सर्वे नंबराच्या पुढे सबडिव्हिजन म्हणून आकडा आणि इंग्रजी अक्षर शेजारी शेजारी येतात, तिथे एक काठी दुसरीसारखी दिसणं ही शोभेची बाब नाहीये. सेरिफ टाइपात आय वेगळा, एल वेगळा, एक वेगळा. नावांचंही तसंच, आपल्याकडे पोर्तुगीज स्पेलिंगची आडनावं, मराठी आडनावांची तीन-तीन स्पेलिंग, मतदार यादीत एक अक्षर चुकलं की माणूस हेलपाटे घालतो.

दुसरं कारण सभ्यतेचं म्हणा. कागदाचा सूर अक्षरातून कळतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जी छापील पुस्तिका दाखल करायची ती सेंच्युरी कुळातल्या टाइपातच आणि १२ पॉइंटमध्येच (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) हवी असा नियमच आहे, ओळींमध्ये अंतर किती तेही सांगितलंय. हे कोर्ट काही सौंदर्यासाठी करत नाही, न्यायाधीशांना दिवसभर वाचावं लागतं म्हणून करतं. सेंच्युरी स्कूलबुक तर नावाप्रमाणेच शाळेच्या पुस्तकांसाठी आखलेला टाइप, ठळक सेरिफ, मोकळी पोटं असलेली अक्षरं, लहान मुलाने पहिल्यांदा वाचताना अडखळू नये म्हणून.

आणि सेरिफ म्हटलं की आपल्याकडे एकच नाव, टाइम्स न्यू रोमन, त्याबद्दलही बोलायला हवं. तो वाईट टाइप नाही पण तो कशासाठी झाला ते विसरलोय आपण. लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रासाठी स्टॅन्ले मॉरिसनच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंटने तो काढला आणि ३ ऑक्टोबर १९३२ पासून पेपर त्यात निघायला लागला. पेपरचा कॉलम अरुंद, त्यात जास्तीत जास्त शब्द बसले पाहिजेत, म्हणून अक्षर आटोपशीर आणि थोडं चेपलेलं. तोच टाइप आपण ए-फोर कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ पॉइंटमध्ये लावतो, एका ओळीत नव्वदच्या आसपास अक्षरं येतात, डोळा परत डावीकडे येताना ओळ चुकतो, आणि मग लोक म्हणतात सरकारी कागद वाचवत नाही. पुस्तकाच्या ओळीत साठ ते सत्तर अक्षरं बरी पडतात. म्हणजे समास वाढवा, नाहीतर दोन कॉलम करा, नाहीतर रुंद अंगाचा टाइप घ्या. खुद्द टाइम्सनेही १९७२ मध्ये तो टाइप सोडला, आपण मात्र विंडोजबरोबर आला म्हणून धरून बसलोय.

रस्त्यावरचे बोर्ड, हॉस्पिटलातल्या दिशादर्शक पाट्या, कदंबच्या बसवरचं गावाचं नाव, तिथे सेरिफ नको. तिथे माणूस वाचत नाही, ओळखतो, तेही चालत्या गाडीतून, पावसात. तिथे ठळक, साधं, मोकळं सॅन्स अक्षरच पाहिजे, इंग्रजीतही आणि देवनागरीतही. मोबाइलच्या छोट्या बटणांवरही तेच. ह्यात माझा काही वाद नाही.

आता मुळात गोव्याचा ह्या विषयाशी काय संबंध ते. हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यात आला, ६ सप्टेंबर १५५६ ला, हे आपण अभिमानाने सांगतो. खरं तर तो ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायला निघाला होता, इथे उतरला आणि इथेच राहिला, ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. जुवान द बुस्तामांत नावाचा जेझुइट ब्रदर तो चालवायचा. त्या वर्षी पॅरिसमध्ये गारामों जिवंत होता, तो गेला १५६१ मध्ये, म्हणजे युरोपात हे अक्षर ज्या काळात घडत होतं त्याच काळात त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, मांडवीच्या काठावर आले. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक इथेच छापलं गेलं, पणजीच्या ज्या बागेत आपण संध्याकाळी बसतो ती त्याच्याच नावाची.

पण ह्या सगळ्यात देवनागरी कुठे होती? तमिळ लोकांना त्यांच्या अक्षरात पुस्तक १५७८ मध्ये मिळालं, कोल्लमला छापलेलं, आणि तमिळ खिळे पाडायचं काम त्याआधी गोव्यातच झालं होतं. मराठीला मात्र मिळालं नाही. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं पण रोमन अक्षरात. त्याने स्वतः हे आवडीने केलं असं नाही. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेलं पत्र आहे, प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासावर जे काम केलं त्यात ते आपल्यासमोर आणलं. त्यात स्टीफन्स म्हणतो की ह्या देशाच्या भाषेत आणि ह्या देशाच्या अक्षरात पुस्तकं छापलेली बघायची माझी फार वर्षांची इच्छा आहे, मलबारात झालं तसं, पण ते जमत नाही, आणि एक कारण त्याने हे दिलंय की त्यासाठी सहाशेच्या घरात साचे करावे लागतील, युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं तसं इथे भागत नाही.

सहाशे साचे. मला हा आकडा फार छळतो. मराठीत एवढं मोठं काव्य लिहिलेला माणूस, छापखाना हाताशी, कारागीर हाताशी, आणि केवळ खिळे नाहीत म्हणून ओव्या परक्या अक्षरात घालाव्या लागल्या. पुढे तर गोव्यात छपाईच थंडावली, अठरावं शतक जवळजवळ कोरडं गेलं, परत छापखाना सुरू झाला तो १८२१ मध्ये आणि तोही पोर्तुगीज गॅझेटसाठी. काही मित्र म्हणतात की सेरिफ अक्षर हे राज्यकर्त्यांचं अक्षर, त्याचं कौतुक आपण गोव्यातल्या मराठी माणसांनी का करावं. मला हे पटत नाही. त्या अक्षराने आपलं काही बिघडवलेलं नाही, इथल्या कितीतरी कोंकणी घरांत तेच अक्षर पिढ्यानपिढ्या प्रार्थनेचं आणि पत्रांचं अक्षर आहे. अन्याय झाला तो देवनागरीला तिचे खिळे मिळाले नाहीत हा, आणि तो भरून काढायचा तर देवनागरीला तेवढीच मेहनत दिली पाहिजे.

आता देवनागरीत सेरिफ म्हणजे काय करायचं? काही फॉण्टवाल्यांनी आणि पाट्या रंगवणाऱ्यांनी एक उपाय काढला, देवनागरीच्या काण्याला खाली टाइम्ससारखे पाय चिकटवायचे. ते फार वाईट दिसतं, कृपा करून करू नका. देवनागरी अक्षर वर शिरोरेघेला टांगलेलं असतं, ते खाली पाय टेकून उभं राहत नाही. आपल्याकडे सेरिफचं जे काम आहे ते बोरूने केलंय. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, आणि आपल्या बोरूची तिरकस बाजू युरोपातल्या लेखणीच्या उलट, त्यामुळे जाड रेघ कुठे पडते आणि बारीक कुठे ते रोमन अक्षराच्या उलट दिशेने ठरतं. काण्याचं खालचं टोक तिरकं संपतं, क-ची गाठ भरीव होऊन शेपटी बारीक होत जाते, अ-चं वळण कुठे दाबलं कुठे सोडलं हे कळतं. तेच आपलं सेरिफ. जाड-बारीक असलेली, बोरूचं वळण सांभाळणारी देवनागरी ही गारामोंची किंवा बास्करव्हिलची खरी जोडीदार, सगळीकडे एकसारख्या जाडीची तारेसारखी देवनागरी नव्हे.

आणि ही आपल्याकडे होती! एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजी चौधरींनी निर्णयसागर उभा केला. हा माणूस लहानपणी अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायच्या कामाला होता. त्यांच्यासाठी राणोजी आरूंनी जे पंच, म्हणजे खिळ्यांचे पोलादी मूळ ठसे, कापले त्या अक्षरातली संस्कृत आणि मराठी पुस्तकं अजून जुन्या घरांत सापडतात, गोव्यातही कितीतरी भटजींच्या आणि कीर्तनकारांच्या घरी असतील. ती पोथी उघडली की जोडाक्षरं बघा, क्त, द्ध, ह्म, श्च, प्रत्येकाचा वेगळा खिळा, एकावर एक नीट रचलेलं, कुठे पाय मोडलेला नाही. सहाशे साचे अशक्य वाटत होते ना, इथे ते करून दाखवले, हाताने, पोलादावर.

मग यंत्रं आली आणि आपण परत मागे गेलो. लायनोटाइप ह्या खिळेजुळणीच्या यंत्राच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे साच्यांच्या पेटीत, नव्वद खाने, त्यात देवनागरी कशी बसायची? अक्षरं तोडली, मात्रा बाजूला सरकल्या, जोडाक्षरं कमी केली. टाइपरायटरने आणखी कापाकापी केली. त्या काळच्या पेपरवाल्यांना दोष देता येत नाही, त्यांना रोज अंक काढायचा होता, गोव्यात तर १९६१ पर्यंत मराठी दैनिकाचं नाव काढणं कठीण होतं, १९६२ मध्ये गोमन्तक निघाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला, खिळे कसे आहेत हे बघायला कुणाला वेळ होता. नंतर डीटीपी आलं, श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाचं कोडिंग वेगळं, एका ऑपरेटरची फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसता कचरा. तरी त्या पॅकेजांत बऱ्यापैकी अक्षरं होती. मग युनिकोड, म्हणजे सगळ्यांसाठी एकच कोडिंग, आलं, ती फार चांगली गोष्ट झाली, पण त्याच्याबरोबर सगळ्यांनी मंगल हा एकच फॉण्ट सगळीकडे लावायला सुरुवात केली. मंगल र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षरकाराने केलेला, पण तो केला कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी, जुन्या कमी रेझोल्यूशनच्या पडद्यावर मेनू आणि खिडक्या वाचता याव्यात म्हणून. तो दोनशे पानांच्या पुस्तकात लावणं म्हणजे त्या अक्षरावरही अन्याय आणि वाचणाऱ्यावरही.

आज परिस्थिती काय आहे? आज सबब उरलेलीच नाही. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉण्ट फुकट मिळतो, खुल्या लायसन्सवर, बोरूचं वळण असलेला, बघितला की निर्णयसागरची आठवण यावी असा, जोडाक्षरांचा भरपूर साठा असलेला. महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा करून घेतला आणि लोकांना मोफत दिला. नोटो सेरिफ देवनागरीत कितीतरी वजनं आहेत. इंग्रजीसाठी ईबी गारामों आहे, १५९२ च्या एका छापील नमुन्यावरून केलेला, लिब्रे बास्करव्हिल आहे, दोन्ही फुकट. बर्मिंगहॅमच्या माणसाने आपली वर्षं घातली, आरूंनी डोळे घातले, स्टीफन्सला मिळालं नाही म्हणून तो हळहळला, आणि आपल्याला एका क्लिकवर मिळतंय ते आपण लावत नाही.

ह्यात मराठीची म्हणून एक गोष्ट आहे जी गोव्यात कुणी बोलत नाही. आपला ल पाकळीवाला आणि श देठवाला, शाळेत पाटीवर आपण तसाच गिरवला, महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही रूपं ठरवूनही दिली. पण बऱ्याच फॉण्टांत मूळ रूप हिंदीचं असतं, आणि फाइलची किंवा वेबपेजची भाषा मराठी अशी निवडली तरच मराठी रूपं येतात, तीही फॉण्टात सोय असेल तर. इथे ऑपरेटर भाषा हिंदी ठेवूनच टाइप करतो आणि पेडण्याच्या नाहीतर सत्तरीच्या प्राथमिक शाळेतलं पोर पाटीवर एक ल लिहितं आणि छापील कागदावर दुसरा ल वाचतं. दर्‍या, तर्‍हा, सुर्‍या ह्यांतला तो अर्धा र तर कितीदा रफार होऊन बसतो. हिंदीच्या रूपांना मी कमी लेखत नाही, ती त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण मुलाला पहिलीत दोन प्रकार एकदम दाखवायचे आणि नंतर म्हणायचं की मुलं मराठी वाचत नाहीत, हे बरोबर नाही.

तिरकी केलेली देवनागरी पण बंद व्हायला हवी. इंग्रजी आयटॅलिक हे मुळात वेगळ्या हाताचं अक्षर आहे, त्याची स्वतःची परंपरा आहे. देवनागरीला बटण दाबून तिरकं केलं की सगळं पान उजवीकडे कलंडल्यासारखं दिसतं, आणि ज्या शब्दावर जोर द्यायचा होता तोच वाचवत नाही. बोल्डचंही तेच, फॉण्टात बोल्ड नसताना प्रोग्रॅम शाई फासल्यासारखी अक्षरं जाड करतो, टिरोमध्ये बोल्ड नाहीये, मग मथळा मोठ्या पॉइंटमध्ये लावा ना, जाडच कशाला पाहिजे. आणि दोन लिप्या शेजारी लावताना दोन्ही १२ पॉइंट ठेवले की झालं असं समजू नका, देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर बारीक दिसतं. देवनागरी दीड-दोन पॉइंट वाढवायची, ओळींतलं अंतर मोकळं सोडायचं, मग ती इंग्रजीच्या तोलाची दिसते.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, तो कमी दिसणाऱ्यांचा आणि वाचनात अडचण असलेल्यांचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ पासून टाइम्स न्यू रोमन ठेवला होता आणि २०२३ मध्ये ह्याच कारणाने तो सोडून कॅलिब्री हा सॅन्स टाइप घेतला, डिसेंबर २०२५ मध्ये परत टाइम्स न्यू रोमन आणला, आणि त्यावर तिथे खूप राजकारण झालं. मला त्या राजकारणात पडायचं नाही. ज्याला सॅन्स सोपं जातं त्याला ते मिळालंच पाहिजे, वेबसाइटवर तर अक्षर बदलायची आणि मोठं करायची सोय सगळ्यांनाच हवी. पण सेरिफ काढून सॅन्स लावलं आणि आकार तोच १० पॉइंट ठेवला, ओळी तशाच चिकटवल्या, कागद तसाच पातळ आणि पलीकडचं दिसणारा ठेवला तर त्या माणसाला काय मिळालं? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना पेन्शनचा कागद वाचता येत नाही तो सेरिफमुळे नाही, तो आठ पॉइंटमध्ये फोटोकॉपीच्या फोटोकॉपीवर छापलेला असतो म्हणून.

दुसरा आक्षेप खर्चाचा असतो आणि तिसरा ऑपरेटर शिकलेले नसतात हा. खर्च शून्य आहे ते वर सांगितलंच. आणि ऑपरेटरबद्दल सांगायचं तर म्हापशात, फोंड्यात, डिचोलीत जी मुलं-मुली डीटीपी करतात त्यांचा हात चांगला आहे, चवथीच्या आणि जत्रेच्या दिवसांत रात्र-रात्र बसून ती पत्रिका काढतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही आणि गिऱ्हाईक मागतच नाही. नाटक मंडळाचा माणूस येतो, म्हणतो नाव मोठं टाक, फोटो मोठा टाक, मजकूर उरलेल्या जागेत बसव. मग ती मुलगी उरलेल्या जागेत बसवते.

म्हणून मागणी सरकारकडे आणि संस्थांकडे दोन्हीकडे आहे. सरकारी छपाईची निविदा निघते तेव्हा कागदाचं वजन लिहिलेलं असतं, बांधणी लिहिलेली असते, शाईसुद्धा लिहितात, तिथे टाइपाचं नाव, आकार आणि ओळींतलं अंतर लिहायला एक ओळ लागते. पाठ्यपुस्तकांत आणि मराठी वाचनमालांत जाड-बारीक असलेली देवनागरी आणि मराठी ल-श सक्तीचे करा. राजपत्रात आणि उताऱ्यांत इंग्रजीला नीट सेरिफ द्या, आकडे स्पष्ट असलेला. साहित्य संमेलनं भरवणाऱ्या आपल्या संस्थांनी स्मरणिका काढताना तरी हे पाळावं, कारण स्मरणिका म्हणजे पन्नास लेखकांचा मजकूर असतो आणि तो आजवर जाहिरातींच्या मधे कोंबून छापला गेलाय. पाटो इथल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने जुन्या छापील पुस्तकांतली अक्षरं मुलांना आणि ऑपरेटरांना दाखवण्यासाठी वर्षातून एकदा कार्यशाळा घ्यावी, निर्णयसागरचं एक पान आणि आजचं एक पान शेजारी ठेवलं तरी पुरे, बाकी बोलायची गरज पडणार नाही.

आणि ज्यांना वाट बघायची नाही त्यांनी येत्या जत्रेच्या पत्रिकेपासून सुरुवात करावी. मजकूर टिरोत किंवा यशोमुद्रात, भाषा मराठी निवडलेली, इंग्रजी ओळ गारामोंत, देवनागरी दोन पॉइंट मोठी, ताणलेलं काही नाही, तिरकं काही नाही. प्रूफ हातात आलं की आधी जोडाक्षरं आणि ल तपासा, मगच छपाईला सोडा.